फोन चार्ज होतो, पण गाडीच्या स्क्रीनवर येत नाही

प्रश्न : केबल जोडल्यावर फोन चार्ज होतो, पण अँड्रॉइड ऑटो सुरू होत नाही. दोष कशात असावा?

उत्तर : बहुतेक वेळा दोष केबलमध्येच असतो. साध्या यूएसबी केबलमध्ये विजेच्या आणि डेटाच्या तारा वेगळ्या असतात. काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. असल्या तरी वारंवार वाकून तुटतात आणि चार्जिंग मात्र चालू राहते. म्हणून सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी डेटा वाहून नेणारी, आखूड आणि चांगल्या प्रतीची केबल लावून पाहावी. गाडीतला प्रत्येक पोर्टही डेटाचा नसतो. मागच्या सीटजवळचे पोर्ट सहसा केवळ चार्जिंगचे असतात.

वायरलेस जोडणीत ब्लूटूथ सुरुवातीची ओळख पटवतो आणि कॉल सांभाळतो. नकाशा आणि गाणी वाय-फायवरून जातात. त्यामुळे फोनचे वाय-फाय बंद असेल, तर कॉल लागतात, पण अँड्रॉइड ऑटो उघडत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर फोन आणि गाडी या दोन्हींतली जुनी जोडणी पुसून नव्याने जोडावी. एकाच बाजूची नोंद पुसणे अनेकदा पुरत नाही. गाडीच्या स्क्रीनचा फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, कारण त्यात गाडीतली साठवलेली सेटिंग्जही जातात. हे सारे गाडी उभी असतानाच करावे.