अभ्यासवर्ग : मंद आचेचा विजेचा कुकर घेताना



आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, माती परीक्षण यांवर अभ्यासपाठ येतात. या खेपेला पाठ स्वयंपाकघरातला घेतला आहे. आपल्यातल्या बऱ्याच सभासदांची मुले-सुना ठाणे-मुंबईकडे नोकरीला आहेत. सकाळी कुलूप लावून गेलेली माणसे दिवेलागणीला परततात. अशा घरांत आता मंद आचेचा विजेचा कुकर शिरू लागला आहे. दुकानदार त्याला स्लो कुकर म्हणतात. सकाळी कालवण टाकायचे, बटण फिरवायचे, संध्याकाळी आयते तयार. वस्तू वाईट नाही. पण ती समजून न घेता वापरली तर काय होते, ते आम्ही गेल्या पावसाळ्यात कळव्याला डोळ्यांनी पाहिले.

कळव्याला आमच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, मुलगा राहतो. ठाण्याहून निघून खाडी ओलांडली की पहिलेच स्टेशन. तिथे धिमी लोकलच थांबते, जलद गाडी नुसते तोंड दाखवून पुढे जाते. त्यामुळे सूनबाई भल्या पहाटे उठून कामाला निघतात. गावाकडून आम्हीच त्यांना दरसाल थोडा वाघ्या घेवडा पाठवतो. कोरेगाव तालुक्यातला हा घेवडा आपल्यापैकी पुष्कळांनी पेरलेला आहे. तांबूस दाणा, त्यावर वाघासारखे गडद पट्टे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सूनबाईंनी तो रात्री भिजत घातला आणि सकाळी मसाला, आमसूल, पाणी घालून नव्या कुकरात काठोकाठ भरून मंद आचेवर ठेवला. संध्याकाळी ताटे वाढली. दाणा बोटाने दाबला तर चेपत होता, पण मधे किंचित कचकच लागत होती असे नंतर सगळे म्हणाले. आमची त्या दिवशी संकष्टी. चंद्र काही ढगातून निघेना, म्हणून आम्ही जेवायचे थांबलो होतो. दोन तास झाले नाहीत तोच आधी आठ वर्षांचे पोर, मग भाचा, मग सूनबाई, अशी एकामागून एक उलट्यांची रांग लागली. रात्री दवाखाना गाठावा लागला. पोराला सलाईन लावले.

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे बघायला आले. एकाने निकाल देऊन टाकला, "गावाकडचं धान्य ना? फवारे मारलेलं असणार." आम्हाला ते फार लागले. त्याच पोत्यातला घेवडा आम्ही गावी चार महिने खात होतो, आणि कुणाचे पोट साधे दुखलेसुद्धा नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र फवाऱ्याचे विचारलेच नाही. त्यांनी एवढेच विचारले, "घेवडा आधी खळखळून उकळला होता का?" सूनबाई म्हणाल्या, "नाही, कुकर सगळं करतो ना, मामा?" आणि आमच्याकडे पाहिले. आम्हालाही तेव्हा उत्तर ठाऊक नव्हते.

गावी परतल्यावर आम्ही या गोष्टीचा पाठपुरावा केला. जे समजले ते असे.

घेवडा-राजमा जातीच्या कच्च्या दाण्यात एक प्रथिन असते. शास्त्रात त्याला फायटोहिमॅग्लुटिनिन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, स्वभाव विसरू नका. तांबड्या दाण्यात ते सर्वांत जास्त. पांढऱ्यात साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. त्याला फवारा लागत नाही, कीड लागत नाही; तो दाण्याचा स्वतःचाच गुण आहे. खळखळत्या उकळीत, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, हे प्रथिन मरते. दहा मिनिटे पुरतात, पण अमेरिकेचे अन्न खाते अर्धा तास उकळा म्हणते, आणि आम्ही त्याच बाजूचे. मात्र नुसते ८० अंशांच्या आसपास तापत राहिले तर त्याचा जोर कमी तर होत नाहीच, उलट कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो असे आढळले आहे. म्हणजे अर्धवट शिजलेला घेवडा कच्च्यापेक्षा वाईट! विजेच्या या कुकरात मंद आचेवर पदार्थ ९० अंशांच्या मागेपुढे जातो, आणि भांडे काठोकाठ भरले असेल तर तेवढाही जात नाही. त्यात आमसुलाच्या आंबटाने दाणा लवकर मऊ होत नाही. शिवाय त्या दुपारी वीज किती वेळ गेली होती, ते घरात कोण नसल्याने कुणालाच माहीत नाही.

आता आपल्या जुन्या चुलीकडे बघा. चुलीला शेजारी वैल असतो. आमची आई घेवड्याची आमटी आधी मोठ्या जाळावर रटरटवायची, चांगली उतू जाईपर्यंत. मगच भांडे वैलावर सरकवायची. तिला प्रथिन-बिथिन माहीत नव्हते. पण आधी उकळी आणि मग मंद आच हा क्रम तिने कधी मोडला नाही. नव्या कुकरात वैल तेवढा आला, चूल राहून गेली.

हीच गोष्ट आपण कारखान्यातही रोज करतो. गाळलेला रस कोमट उभा राहिला की आंबतो, बुळबुळीत होतो, साखरेचा उतारा घटतो. म्हणून रस लगेच ७० ते ७५ अंशांपर्यंत आणि गंधकाच्या धुरीनंतर पुन्हा १०० अंशांच्या वर तापवतात. जंतूंना थंडी मानवत नाही, कढही मानवत नाही. त्यांना लागतो कोमटपणा. स्वयंपाकात ५ ते ६० अंश हा जंतूंचा सुगीचा पट्टा. मंद कुकर चांगला की वाईट हे त्यावरच ठरते : पदार्थाला या पट्ट्यातून तो किती लवकर बाहेर काढतो, आणि नंतर त्यात परत पडू देतो की नाही.

मग दुकानात काय पाहायचे? रंग आणि बटणांची संख्या पाहून हा कुकर कळत नाही. घरी आणल्यावर पाण्याची परीक्षा घ्यावी. भांडे अर्ध्याहून थोडे जास्त साध्या पाण्याने भरा, झाकण लावा, मंद आचेवर आठ तास ठेवा. झाकण उघडताक्षणी तापमापक बुडवा. पारा ८५ ते ९३ अंशांत आला तर कुकर ठीक. त्याखाली असेल तर पावती घेऊन दुकान गाठा. (तापाचा तापमापक कृपा करून बुडवू नका, फुटेल. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला ११० अंशांचा लागतो. गुऱ्हाळवाल्याकडचा चालेल, पण आधी काकवी पुसा.) कळव्याच्या कुकराची परीक्षा आम्ही पुढच्या खेपेला घेतली. तो ८८ वर आला. म्हणजे कुकर निर्दोष होता. दोष आमच्या सगळ्यांच्या अर्धवट माहितीत होता.

दुसरे, वीज. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतले कुकर १२० व्होल्टचे असतात. तिकडचा भाचा-पुतण्या सुट्टीला येताना हौसेने एखादा घेऊन येतो आणि आपण पिन बदलून लावतो. व्होल्ट दुपटीच्या आसपास झाले की तापणारी तार दुप्पट नाही, पावणेचार पटीच्या जवळपास वीज खेचते. २०० वॉटचा कुकर ७०० वॉटच्या वर जातो. तार जळते, नाहीतर भांडे तडकते, आणि घरात तेव्हा कोणी नसते! तेव्हा तळाशी चिकटवलेली पट्टी वाचल्याशिवाय पिन लावायची नाही. तीन पायांची पिन हवी, आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला खरोखर अर्थिंग जोडलेले आहे हे वायरमनकडून तपासून घ्यावे. पुष्कळ जुन्या खोल्यांत भोक असते, तार नसते. आयएसआयचे चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक मोबाईलवर बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून खरा-खोटा पाहता येतो. घरात पाणी पिते मूल फिरत असेल तर गळती होताच वीज तोडणारा खटका मीटरजवळ बसवून घेणे कुकरापेक्षाही आधीचे काम.

खर्चाची भीती मात्र नको. २०० वॉटचा कुकर दहा तास चालला तर दोन युनिट.

भांड्याबद्दल थोडे. आतले भांडे बहुधा चिनी मातीचे, वर काचेसारखी झिलई. या झिलईत शिसे असले तर चिंच-आमसूल-टोमॅटोच्या आंबटाने आणि तासन्‌तासाच्या उष्णतेने ते पदार्थात उतरू शकते. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, आणि चवीवरून काही समजत नाही. म्हणून आठवडी बाजारातले रंगीत मडके किंवा लोणच्याची जुनी बरणी कुकरात बसते म्हणून बसवू नये. मूळ भांड्याला चीर गेली, झिलईचा टवका उडाला, तर ते कुंडीला वापरा. फ्रिजमधले गार भांडे तसेच्या तसे तापवू नये, तडकते. ॲल्युमिनियमबद्दलही एक सांगायचे. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न खात्याने हिंडालियमच्या आणि पितळेच्या काही आयात भांड्यांतून शिसे उतरते असा इशारा दिला. त्यामुळे आमचा कौल चांगल्या चिनी मातीला, नाहीतर स्टेनलेस स्टीलला.

आणखी एक फसवे बटण आहे, उशिरा सुरू होणारे. सकाळी सहाला मटण भरून ठेवायचे आणि कुकर आपोआप दुपारी दोनला पेटणार. ऐकायला गोड आहे. पण ते आठ तास मटण कोमट हवेत कच्चे पडून असते. हे बटण असले तरी वापरू नका. उलट, शिजल्यावर गरम ठेवणारे बटण उपयोगाचे, कारण चांगल्या कुकरात ते ६० अंशांच्या वर ठेवते. मटण गोठलेले घालू नये. भांडे अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच भरावे. झाकण सारखे उघडून बघू नये. वैलावरच्या भांड्यात डोकावायची सवय आहे आपल्याला, ती इथे मोडावी लागते. शिळे कालवण यात गरम करायचे नाही, ते गॅसवर उकळून घ्यावे. आणि आपण बाहेर असताना वीज बराच वेळ गेली होती असे कळले तर ते कालवण टाकून द्यावे. जीव हळहळतो, पण टाकावे. तूर, मूग, मसुरीला घेवड्यासारखी धास्ती नाही. वाल-पावट्याला मात्र उकळी द्याच.

हा कुकर मुळात कडधान्यासाठीच जन्मला. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांनी त्याचे पेटंट १९४० साली घेतले आणि आपल्या कुकराचे नावच 'बीनरी' ठेवले. बीन म्हणजे शेंगेतला दाणा. त्यांची आई लिथुआनियाकडची. तिथे शुक्रवारी संध्याकाळी कडधान्याचे भांडे गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि शनिवारी काढत. आईच्या त्या आठवणीतून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९१० साली, कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशावर चालणारा इकमिक कुकर काढला होता. डब्यावर डबे, तळाशी कोळसा, आणि माणूस कामाला मोकळा.

आता आपल्या गावच्या वाचकांसाठी. जिथे दिवसा विजेचा भरवसा नाही तिथे हा कुकर घेऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. फलटण भागात काम केलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या. त्या कामाला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याच कांड्यांवर चालणारा त्यांचा सराई कुकर आहे. सुमारे १०० ग्रॅम कोळशात पाच माणसांचा भात, वरण, भाजी होते. आपण फडात पाचट पेटवून देतो त्यातलेच हे. (पाचट सरीत कुजवणे सर्वांत उत्तम, हे आम्ही मागेही लिहिले आहे आणि पुढेही लिहू.) पण कोळशाची शेगडी अंगणात किंवा खिडक्या सताड उघड्या असलेल्या पडवीतच पेटवावी. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दार बंद केलेल्या खोलीत झोपलेला माणूस उठत नाही. कळव्याच्या दोन खोल्यांच्या घरात हा कुकर चालणार नाही, हे आम्ही आक्कांना बजावून आलो, कारण त्यांनी लगेच विचारले होते.

सूनबाईंनी विजेचा कुकर टाकून दिलेला नाही. आता रात्री घेवडा भिजतो, निदान पाच तास. सकाळी ते पाणी ओतून नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास रटरटतो. घाई असेल त्या दिवशी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होतात, तिथे १२० अंशांपर्यंत आच जाते. मग कढत्या कढत कुकरात, आणि आमसूल संध्याकाळी घरी आल्यावर. शेजारच्या त्या गृहस्थांनाही एक वाटी दिली. त्यांनी गावाकडून दोन किलो मागवले आहेत. पिशवीवर आम्ही सूचना चिकटवून पाठवली : आधी अर्धा तास उकळणे.