घरी तेल बदलल्यानंतर लागणारा दिवा

आमच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दारी आता मोटार उभी असते, आणि सुट्टीच्या दिवशी तिचे ऑईल स्वतःच बदलण्याचा उद्योग घरोघरचे तरुण हौसेने करीत असतात. हौस चांगली आहे. तीत चार पैसे वाचतात आणि यंत्राशी ओळखही होते. परंतु तेल बदलून किल्ली फिरविली आणि समोरच्या डॅशबोर्डवर एखादा दिवा लागून राहिला, म्हणजे घरात एकच गोंधळ उडतो. कोणी म्हणतो, सेन्सर बिघडला असेल. कोणी म्हणतो, गाडी चालते आहे ना, मग चालू द्या. या दुसऱ्या सल्ल्यापायी कधी कधी अख्खे इंजिन गमवावे लागते. म्हणून या दिव्यांचा अर्थ काय, आणि शोध कोठून आरंभावा, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम रंग पाहावा. तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा हा सर्वांत गंभीर होय. बहुतेकांचा समज असा की, तेल कमी झाले म्हणजे तो लागतो. वस्तुतः तो तेलाचे माप सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांत व यंत्रशाळांत ज्यांचा वावर आहे, त्यांना हे सांगावयास नको की, इंजिनातील क्रँक आपल्या बेअरिंगवर प्रत्यक्ष टेकून फिरत नाही. दोहोंमध्ये काही शतांश मिलिमीटरांची फट असते आणि पंपाने दाबून पाठविलेल्या तेलाच्या पातळ थरावर तो क्रँक तरंगत असतो. दाब गेला की हा थर तुटतो, धातू धातूवर घासू लागतो आणि थोड्याच मिनिटांत बेअरिंगचा मऊ मुलामा वितळून जातो. मग क्रँक घासून घेणे आले, नवी बेअरिंगे आली, आणि दैव फिरलेच तर ब्लॉकही निकामी होतो.

हा दिवा पेटविणारा स्विच अगदी साधा असतो. आत एक पडदा व एक स्प्रिंग. दाब सामान्यतः अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरला की तो दिव्याला वीज जोडून देतो. चालत्या इंजिनात दाब याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा दिवा लागला याचा अर्थ दाब जवळजवळ संपलाच. उधारीची आठवण देणारे हे सौम्य पत्र नव्हे. ही थेट जप्तीची नोटीस आहे. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.

आमच्या समाजात या बाबतीत एक विशेष मोह संभवतो. सायंकाळची वेळ असावी, कोल्हापूरहून येताना निपाणी मागे पडलेली असावी, तवंदीचा घाट चढत असावा आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावयाचे असावे. अशा वेळी तांबडा दिवा लुकलुकला तर, ‘संकेश्वरपर्यंत तरी जाऊ’ असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या अंतरात इंजिन जाऊ शकते. शिवाय घाटातच हा दिवा का लुकलुकावा, यालाही कारण आहे. तेल कमी असले म्हणजे चढणीवर, वळणावर किंवा जोराचा ब्रेक लावताना चेंबरमधील तेल एका बाजूस सरते, पंपाची चोचणी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. सपाट रस्त्यावर दिवा पुन्हा विझतो आणि मालक निश्चिंत होतो. चोर्ला किंवा आंबोलीच्या वाटेने नित्य जाणाऱ्यांनी ही खूण विशेष ध्यानात ठेवावी.

आता शोधाचा क्रम. रोजमेळ जुळत नाही तेव्हा जाणता मुनीम वही पहिल्या पानापासून उकरीत बसत नाही. काल मेळ होता, आज नाही, तर आजच्या नोंदी तो आधी तपासतो. येथेही तसेच करावे. ज्या ज्या ठिकाणी आज हात लागला, ती ठिकाणे प्रथम पाहावीत.

नवा फिल्टर कोरडा असतो. म्हणून पहिल्या वेळी इंजिन सुरू करताच दिवा काही क्षण राहणे साहजिक आहे. सुमारे दहा सेकंदांत तो विझला नाही, तर मात्र इंजिन बंद करून सपाट जागी डिपस्टिक पाहावी. तत्पूर्वी पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे तेल खाली उतरते. तेल कमी असेल तर भरावे, परंतु का कमी झाले हेही पाहावे. ड्रेन प्लगखालचा वॉशर जुनाच बसविला असेल तर तेथून थेंब गळतात. गाडीखाली वाकून पाहावयाचे तर नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. भक्कम आधार दिल्यावाचून हे काम प्राणावर बेतते.

सर्वांत फसवी गोष्ट फिल्टरपाशी घडते. जुना फिल्टर निघतो, पण त्याचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर नव्या कड्यासह चढतो. दोन कडी एकावर एक नीट बसत नाहीत. इंजिन सुरू होताच दाबाने तेल बाहेर फेकले जाते आणि अल्पावधीत चेंबर रिकामा होतो. म्हणून जुना फिल्टर हाती येताच त्याचे कडे त्याच्यासोबत आले की नाही, हे बोट फिरवून पाहावे.

तेल जास्त झाल्यानेही दाब पडतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक तेलात बुडतो, ताक घुसळावे तसे ते घुसळले जाऊन फेस होतो, आणि फेसाचा दाब तो काय असणार! जास्तीचे तेल काढून टाकावे. जातीविषयीही दक्षता हवी. एसएई या अमेरिकी संस्थेने १९११ साली तेलाच्या दाटपणाचे वर्गीकरण प्रथम केले. ५डब्ल्यू-३० यातील ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याचा निदर्शक. पुढचा ३० हा अंक तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. गाडीच्या पुस्तकात जो अंक असेल तोच घ्यावा.

तेल ठीक, गळती नाही, आवाज नाही, तरी दिवा आहे, तर फिल्टर काढताना स्विचची वायर हिसकली गेली असणे शक्य आहे. तथापि हा निष्कर्ष अखेरीस काढावा. आणि स्विचच्या जागी दाबमापक लावून मिस्त्रीने दाब मोजल्यावाचून ‘स्विचच खराब’ असे मानून गाडी चालवू नये.

पिवळा दिवा वेगळा. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. लुकलुकत असेल, किंवा इंजिन धक्के देत असेल, तर मात्र गाडी पुढे दामटू नये. तेल बदलल्यावर तो बहुधा क्षुल्लक कारणाने लागतो. तेल ओतण्याचे झाकण सैल राहिले, डिपस्टिक पुरती बसली नाही, किंवा हात घालण्यास जागा व्हावी म्हणून काढलेली हवेची नळी वा सेन्सरचे कनेक्टर परत नीट जोडले गेले नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कारणाचा संकेतांक मिळतो. पी०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. पी०५२० म्हणजे तेलदाबाच्या सेन्सरच्या जोडणीत दोष. संकेतांक लिहून घेतल्याखेरीज पुसू नये. पान्याच्या आकृतीचा दिवा तर बहुतेक गाड्यांत केवळ सर्व्हिसची मुदत मोजणारा असतो. पुस्तकात दिलेल्या रीतीने तो शून्यावर आणावा.

राहता राहिले काढलेले काळे तेल. ते गटारात ओतण्याची, किंवा वाळवी मरावी म्हणून गोदामाच्या लाकडांना फासण्याची चाल आमच्याकडे आढळते. अहिंसाधर्मीयांच्या अंगणात ती शोभत नाही, आणि २०१६ च्या नियमांनुसार हे तेल घातक कचऱ्यात मोडते. रिकाम्या कॅनमध्ये भरून ते परवानाधारक संकलकाकडे पोहोचते करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, आणि तारीख, किलोमीटर, तेलाचा अंक व ओतलेले माप यांची नोंद गाडीतच एका वहीत ठेवावी. दिवा लागला तर मिस्त्री पहिली हीच माहिती विचारतो.