मणक्याचा संधिवात आणि पोटातले जीवाणू

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलाला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. सकाळी कंबर इतकी आखडते की त्याला उठवत नाही. हा आजार जंतूंमुळे होतो असं ऐकलं. मग अँटिबायोटिकने तो बरा का होत नाही? – एक पालक, सातारा

उत्तर : जंतूंवरचा संशय निराधार नाही. १९६२ साली अमेरिकेच्या एका युद्धनौकेवर शिगेला जीवाणूमुळे हगवणीची साथ आली. ६०२ खलाशी आजारी पडले. जुलाब थांबले, पण त्यांतल्या ९ जणांचे पुढे सांधे सुजले, डोळे लाल झाले, लघवीला जळजळ सुरू झाली. काही वर्षांनी त्यांतले पाच जण सापडले, तेव्हा चौघांच्या रक्तात एचएलए-बी२७ हा जनुकाने ठरणारा घटक निघाला. तुमच्या मुलाच्या आजाराचा याच घटकाशी घट्ट संबंध आहे. लंडनमध्ये डॉ. ब्रूअरटन यांनी १९७३ मध्ये तपासलेल्या अशा ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत तो होता.

लंडनच्याच संशोधक एब्रिंगर यांनी आतड्यातल्या क्लेब्सिएला जीवाणूकडे बोट दाखवलं. त्याचा काही भाग बी२७सारखा दिसतो, म्हणून प्रतिकारशक्ती फसते, असं त्यांचं म्हणणं. इतरांना मात्र तसा ठाम पुरावा मिळाला नाही. मला उंदरांवरचा प्रयोग जास्त बोलका वाटतो. मानवी बी२७चं जनुक घातलेल्या उंदरांची आतडी आणि सांधे सुजतात. पण तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तर सुजत नाहीत. हे १९९४ मध्ये दिसलं. म्हणजे जनुक एकटं पुरत नाही, जंतूंची साथ लागते. तरीही बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, हेही खरं.

मग अँटिबायोटिक का नाही? मणक्याच्या क्षयात जीवाणू हाडातच असतो, म्हणून औषधाने तो मरतो आणि रोग जातो. इथे मणक्यात मारायला जंतूच नसतो. सूज आणते ती मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती, आणि एकदा बिथरली की ती थांबत नाही. जीवाणू ठिणगी टाकत असेलही, पण ती विझवून लागलेली आग आटोक्यात येत नाही.

म्हणून अँटिबायोटिकच्या कोर्सांत महिने घालवू नका. रोजचा व्यायाम, सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि गरज पडल्यास प्रतिकारशक्तीला आवर घालणारी बायोलॉजिक इंजेक्शनं, हेच उपचार आहेत. ही इंजेक्शनं सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करून घ्या. मुलगा सिगारेट ओढत असेल तर आजच सोडायला लावा. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.