सासऱ्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय म्हणून

अगं, आधी दोन घास खा, मग बोलू. सासऱ्यांना मिरजेच्या दवाखान्यात वेगळ्या खोलीत हलवलं आणि नर्सबाई 'सरकारला कळवावं लागतं' म्हणाल्या, तसा तुझ्या पोटात गोळा आला ना? खरं सांगू का, टीबीचा पेशंट सापडला की कळवायचं, हे 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. त्यानं दारात पोलीस येत नाहीत, औषधं फुकट मिळतात. निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीत, नाव चढलं की पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात. पासबुक आणि आधार आत्ताच पिशवीत घाल.

पण तुझी भीती खुळी नाही, बघ. 1897 च्या प्लेगात साथरोग कायदा आला आणि पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत घुसून माणसं छावणीत नेऊ लागले. त्या संतापातच 22 जूनला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. तोच कायदा 2020 ला कोरोनात आपल्याकडं पुन्हा लागू झाला. हातावरचे ते शिक्के आठवतात ना?

गोव्यात तर फारच वाईट झालं. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला एचआयव्ही निघाला, म्हणून पोलिसांनी उचललं. म्हापशाच्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. तिथल्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आई लुसी कोर्टात गेली, तरी मुंबई उच्च न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. शेजारी बसून, एका ताटात जेवून न पसरणाऱ्या रोगासाठी, अगं! मला त्याचा अजून राग येतो.

सासऱ्यांचा टीबी फुप्फुसाचा, खोकल्यातून हवेत जाणारा. म्हणून त्यांना वेगळी खोली, आणि ती रास्तच आहे. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बराच उतरतो. तू डॉक्टरांना सरळ विचार, कुठल्या तपासणीनंतर बाहेर काढणार? औषधाला दाद न देणारा टीबी तर नाही ना? तसा असला तर दिवस वाढतील. उत्तरं वहीत लिहून घे. आणि कुणी सक्तीची भाषा केली, तर लेखी हुकूम माग. तेवढं विचारायची तुझ्यात धमक आहे.

घरी आले की त्यांची खाट खिडकीपाशी टाक, तोंडाला मास्क, थुंकायला झाकणाचा डबा आणि त्यात फिनेल. ताट-वाटी मात्र वेगळी काढू नकोस. भांड्यातून टीबी होत नाही आणि म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला ते लागतं. गल्लीतल्या बायका विचारतील, त्यांना 'गोळ्या चालू आहेत' एवढंच सांग. गोळ्या मात्र सहा महिने पुऱ्या व्हायला हव्यात, बरं वाटलं म्हणून बंद करू द्यायच्या नाहीत.

आणि पोराला सोमवारी सरकारी दवाखान्यात तपासून आण. घरातल्यांना टीबी होऊ नये म्हणूनही औषध देतात. मी येते सोबत, सकाळचीच एसटी धरू.