अप्रिय वार्तेची वाट

खेड तालुक्यातील निघोजे गावाच्या शिवारात, वाहनांचे सुटे भाग घडविणाऱ्या एका लहानशा कारखान्याचा मुख्याधिकारी म्हणून मी अकरा वर्षे कारभार पाहिला. आणि त्या अकरा वर्षांत जे एक शहाणपण मला लाभले त्याचे मोल माझ्या ११० कामगारांच्या चुलींनी चुकते केले, म्हणूनच ते आपणांपुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

वाहनांच्या धुराविषयीचे पाचवे मानक वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ अमलात येईल, असे केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केले होते, आणि लहान मोटारीच्या डिझेल इंजिनास ते गाठणे किती खर्चाचे ठरेल हे जाणत्यांना दिसत होते. आमचा बहुतेक धंदा अशाच एका इंजिनाच्या भागांवर आणि एकाच गिऱ्हाइकावर उभा होता. तरीही, त्याच्या मागणीच्या अंदाजावर विसंबून, २०१७ साली मी बँकेचे कर्ज काढले व केवळ त्याच भागासाठी नवी मशिनिंग लाइन मागविली. टूलरूमचे आमचे वृद्ध फोरमन म्हणाले, "साहेब, नवा नियम आल्यावर हे इंजिन राहत नाही. निदान दुसऱ्या कामालाही वळेल अशी लाइन घ्या." मी त्यांना मध्येच तोडले आणि मंजूर कामावर शंका नकोत, अशी ताकीद सर्वांदेखत दिली. त्या दिवसापासून माझ्या मेजावर येणारा प्रत्येक कागद मला रुचेल असाच लिहिला जाऊ लागला, आणि त्या शांततेला मी शिस्त समजलो. एप्रिल २०१९ मध्ये मारुतीने डिझेल मोटारी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा माझे डोळे उघडले. परंतु कर्जाचे हप्ते आणि निरुपयोगी यंत्रे यांच्यापुढे त्या उघड्या डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. कोरोनाची टाळेबंदी येण्यापूर्वीच आमची लाइन थांबली होती.

याउलट, शिवकालीन कारभारात जमाखर्च मुजुमदाराच्या आणि पत्रव्यवहार सुरनिसाच्या नजरेखालून जात असे. म्हणजे कागद एकाच्याच लेखणीवर सोडला जात नसे. म्हणून अधिकारपदावरील मित्रांना माझी विनंती आहे की, बैठकीत आपले मत शेवटी सांगावे, आणि सर्वांत कनिष्ठाला प्रथम बोलू द्यावे. मोठ्या कर्जावर सही करण्यापूर्वी एका जबाबदार सहकाऱ्याकडून विरोधी बाजू लेखी मागवावी व ती त्याच दप्तरात ठेवावी. ज्याने अप्रिय वार्ता आणली त्याचे आभार चारचौघांत मानावेत, कारण त्याला मिळालेली वागणूक बाकीचे सारे पाहत असतात.

आपल्या मनाविरुद्धची गोष्ट आपल्या कारखान्यात कोणी आपणांस शेवटची केव्हा सांगितली, हे आज आठवून पाहा. आणि आठवत नसेल, तर उद्या फाटकातून आत येताच कचेरीकडे न वळता आधी टूलरूममध्ये जा.