आशाताई म्हणतात, आंघोळ नको!

प्रश्न : सुनेचं बाळंतपण नंदुरबारला दवाखान्यात झालं. बाळ घरी आलं तर आशाताई सांगून गेल्या, नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्या. आम्ही आमची पोरं जन्मल्याबरोबर न्हाऊ घातली. ती काय वाईट निघाली? मग हे नवं काय?
– एक आजी, रनाळे (जि. नंदुरबार)

उत्तर : आजी, तुमची पोरं न्हाण्यामुळे वाढली नाहीत, न्हाणं सोसून वाढली. ज्यांना सोसलं नाही, त्यांचं खापर सटवीच्या माथी फुटलं.

नवजात बाळाचं वजन थोडं आणि त्या मानानं कातडी फार. थंडी वाजली तरी त्याला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. अंगावरचं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं; माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. अंग 36.5 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बाळ सुस्तावतं, दूध ओढत नाही, आणि पोटात दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. म्हणून पहिली आंघोळ निदान 24 तास पुढे ढकला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जन्मताना अंगावर असतो तो पांढरा चिकट थर घाण नव्हे, त्या कातडीचं संरक्षण आहे. तो खरवडू नये.

हे सगळं परदेशातून आलेलं नाही बरं का. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाची ऊब राखणं हा त्यातलाच एक धडा. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. तुमच्या आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ तिथं आहे.

नाळ पडली की न्हाऊ घाला, पण भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, चार-पाच मिनिटांत. बादलीत आधी गार पाणी, मग कढत. कोपर बुडवून पाहा, नुसतं कोमट लागलं पाहिजे. पाटावर बसून पायांवर बाळ घ्यायची तुमची रीत चांगलीच आहे, मानेखाली हात तेवढा हवा. तांब्यानं तोंडावर धार नको. रोज न्हाणंही गरजेचं नाही. डाळीच्या पिठानं घासणं सोडा. हलक्या हातानं तेल चालेल, पण नाका-कानात नको, आणि नाळेला तर काहीच लावू नका, ती कोरडी राहू द्या. काजळ आणि धुरीलाही सुट्टी. बाळाची छाती पिळून ‘दूध काढणं’ मात्र अगदी वाईट, त्यानं गळू होतं.

न्हाणं झालं की लगेच कोरडं करा, टोपडं घाला आणि आईच्या उघड्या छातीशी द्या. शेगडीपेक्षा ती ऊब बरी, शिवाय तिला धूर नाही. बाळ दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर वजन वाढून डॉक्टर हो म्हणेपर्यंत फक्त पुसून घ्या.

आणि पोट-पाय दोन्ही गार लागले, बाळ दूध ओढेना, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. त्याला छातीशी धरून 102 ला फोन लावा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायला ती गाडी मोफत आहे.