सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन: पॅकेजमध्ये काय धरलंय, काय नाही?

‘सगळं धरून किती?’ हा प्रश्न नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये असो की लातुरात, पहिल्याच भेटीत निघतो. उत्तर मिळतं ते पॅकेजच्या आकड्यात. त्या आकड्याबाहेर काय ठेवलंय, हे विचारल्यावरच खरा खर्च कळतो.

ऑपरेशनआधी
नाक चोंदणं, घट्ट शेंबूड, चेहरा जड, वास न येणं ही लक्षणं 12 आठवडे टिकली तर दुखणं जुनाट समजतात. आधी काही आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉईडचा स्प्रे. अनेकांचं यावरच भागतं. नाही भागलं, तर दुर्बिणीने तपासणी आणि सायनसचा सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेवर ऑपरेशन ठरत नाही, तो खर्च वाचवा. सीटीची फिल्म किंवा सीडी स्वतःजवळ ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना पुन्हा पैसे जाणार नाहीत.

खासगी दवाखान्यात
सीटीचा खर्च चार आकडी, ऑपरेशनचा पाच आकडी. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली आणि औषधं पॅकेजमध्ये आहेत का, ते लिहून घ्या. मायक्रोडिब्रायडर या मांस कापून ओढणाऱ्या यंत्राचं ब्लेड, नाकातलं पॅकिंग, बायोप्सी आणि नंतर नाक साफ करण्याच्या फेऱ्या यांचं स्वतंत्र विचारा. नाकाचं वाकडं हाड त्याच वेळी सरळ करायचं असेल, तर आकडा वाढतो.

बलूनने सायनसचं तोंड रुंद करण्याची पद्धत महाग पडते, कारण बलून एकदाच वापरायचा असतो. शिवाय नाकात वाढलेलं मांस, म्हणजे पॉलिप, त्याने निघत नाही. अवजार आत नेमकं कुठे आहे ते दाखवणाऱ्या नेव्हिगेशन यंत्राचा उपयोग मुख्यतः दुसऱ्यांदा होणाऱ्या किंवा अवघड ऑपरेशनला. ‘माझ्या केसमध्ये याची गरज काय?’ असं सरळ विचारा. 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी.

सरकारी वाट
नांदेडच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभागात आधी दाखवा. तिथे खर्च कमी, पण ऑपरेशनच्या तारखेसाठी थांबावं लागू शकतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. आता पांढरी शिधापत्रिकाही चालते. रुग्णालयात या योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला दोन गोष्टी विचारा: तुमचं ऑपरेशन यादीत आहे का, आणि ते याच रुग्णालयात बसतं का? मंजुरी भरती होण्याआधी घ्या. हेल्पलाइन 155388.

विमा असेल तर
बहुतेक पॉलिसींत नाक-कान-घशाच्या अशा ऑपरेशनला पहिले 24 महिने दावा मिळत नाही. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत बलूनचा खर्च विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंतच मिळतो.

घरी आल्यावर
साधारण आठवडाभर कामाला सुट्टी धरा. किनवट, देगलूर किंवा उदगीरहून येणाऱ्यांनी फेरतपासणीचं गाडीभाडंही हिशेबात घ्यावं. जास्त रक्त आलं, डोळा सुजला किंवा दिसणं बदललं, तर लगेच दवाखाना गाठा.

पॉलिप पुन्हा वाढू शकतात. म्हणून नाक धुणं आणि स्प्रे पुढेही चालू राहतात. त्यांचा महिन्याचा खर्च डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्या.